जळगाव ते नशिराबाद : चढ फक्त सहा सेंटिमीटरचा

नशिराबाद (जि. जळगाव), प्रतिनिधी : बारावीच्या भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेवर सूचनांमध्ये एक ओळ वर्षानुवर्षे ठरलेली आहे. लॉग टेबल वापरण्यास परवानगी, कॅल्क्युलेटरला मनाई. खिशातल्या मोबाइलमध्ये क्षणार्धात उत्तर देणारे यंत्र असताना विज्ञान शाखेचा विद्यार्थी परीक्षेपुरता चारशे वर्षांपूर्वीच्या पद्धतीकडे परततो आणि बारीक आकड्यांनी भरलेली चोपडी उघडून बसतो. गुणाकाराच्या जागी बेरीज, भागाकाराच्या जागी वजाबाकी, शेवटी अँटिलॉग. कृती पाठ असते. ती तशी का करायची, हे बहुतेकांना सांगता येत नाही. म्हणूनच दशांश चिन्ह एक घर सरकले किंवा डोक्यावर आडवी रेघ असलेला तो ‘बार’ समोर आला, की सूत्र बरोबर असूनही उत्तर चुकते.

नशिराबादसारख्या गावातून जळगावला अकरावी विज्ञानासाठी जाऊ लागलेल्या मुलांपुढे यात आणखी एक अडचण असते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात ‘घातांक’ शिकलेला असतो. अकरावीत अध्यापन इंग्रजीतून सुरू होते आणि त्यात ‘लॉगॅरिथम’ हे भारदस्त नाव कानी पडते. मराठीत लघुगणक असा शब्द आहे. पण वर्गात तो कोणी उच्चारत नाही. त्यामुळे शाळेतला ओळखीचा घातांक आणि कॉलेजातला परका लॉग या दोन वेगळ्या वस्तू नसून एकच आहेत, हे मुलाच्या ध्यानात यायला कधीकधी वर्ष जाते. दहाचा कितवा घात केला असता शंभर येतात? दुसरा. म्हणून शंभरचा लॉग दोन. हजाराचा तीन. दहा हा येथे पाया आणि लॉग म्हणजे त्या पायावर चढवलेला घातांक. व्याख्या एवढीच आहे. घातांकाच्या प्रकरणात पाया व घात देऊन संख्या विचारतात, लॉगच्या प्रकरणात पाया व संख्या देऊन घात विचारतात.

लीलावतीतला दाता

या उलट्या प्रश्नाचे सुलट रूप खानदेशाला नवे नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथे, पाटणादेवीच्या परिसरात, इ.स. १२०७ चा शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये हा लेख विद्वानांपुढे आणला. त्याच भास्कराचार्यांच्या ११५० च्या सुमाराच्या ‘लीलावती’त एका दात्याचे उदाहरण आहे. तो पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट देण्याचे कबूल करतो. महिन्याभरात किती दान होईल? उत्तर २,१४,७४,८३,६४६ कवड्या, म्हणजे एक लाख चार हजारांहून अधिक निष्क. दोन कवड्यांपासून निघालेला दाता तिसाव्या दिवशी राजालाही न पेलणाऱ्या रकमेवर पोहोचतो.

हाच प्रश्न फिरवून विचारावा. त्या दात्याचे एका दिवसाचे दान एक लाख कवड्यांच्या पुढे कितव्या दिवशी जाईल? आता संख्या ठाऊक आहे आणि घातांक हवा आहे. म्हणजे हे लॉगचे उदाहरण झाले. एक लाखाचा लॉग पाच, दोनचा लॉग ०.३०१०. पाचला ०.३०१० ने भागले की १६.६ येतात. सोळाव्या दिवशी ६५,५३६ कवड्या आणि सतराव्या दिवशी १,३१,०७२. लाखाची रेषा या दोहोंच्या मध्ये ओलांडली जाते.

निम्मे करीत मागे येण्याची ही कल्पना भारतात भास्कराचार्यांच्याही आधीची आहे. नवव्या शतकातील जैन आचार्य वीरसेन यांच्या ‘धवला’ टीकेत ‘अर्धच्छेद’ ही संज्ञा येते. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, तितके तिचे अर्धच्छेद. बत्तीसचे पाच, चौसष्टचे सहा. तीनाने भाग देत गेल्यास त्रिकच्छेद, चाराने चतुर्थच्छेद. दोन संख्यांच्या गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे त्या दोन संख्यांच्या अर्धच्छेदांची बेरीज, हा नियमही तेथे आहे. आजच्या पाठ्यपुस्तकातला लॉगचा पहिला नियम तो हाच. हा ग्रंथ डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून छापून प्रसिद्ध होऊ लागला तो अमरावतीहून. कोष्टके मात्र या परंपरेतून निघाली नाहीत. ती स्कॉटलंडच्या जॉन नेपियरने १६१४ मध्ये प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी लंडनचा हेन्री ब्रिग्ज त्याला भेटायला एडिंबरोला गेला आणि दहा हा पाया घेऊन, एकचा लॉग शून्य धरून कोष्टके नव्याने करावीत, असे दोघांचे ठरले. ब्रिग्जचे एक ते हजारपर्यंतचे पहिले कोष्टक १६१७ चे. नेपियर त्याच वर्षी वारला.

दामदुपटीचे महिने

ज्यांचा शाळेशी संबंध सुटून वीसतीस वर्षे झाली, त्यांचाही लॉगशी पोस्टाच्या खिडकीवर संबंध येतो. किसान विकास पत्रात पैसे किती महिन्यांत दुप्पट होतात, हा प्रश्न शुद्ध लॉगचा आहे. एप्रिल २०२३ पासून या पत्रावर साडेसात टक्के चक्रवाढ व्याज आणि मुदत ११५ महिने असे जाहीर झाले. हे ११५ आले कोठून? दरवर्षी रक्कम १.०७५ पट होते. तिला दुप्पट व्हायला किती वर्षे लागतील, हे काढण्यासाठी दोनच्या लॉगला १.०७५ च्या लॉगने भागायचे. चार अंकी टेबलात ते ०.३०१० आणि ०.०३१४ आहेत. भागाकार ९.५८६ वर्षे, बाराने गुणले की ११५ महिने. नोव्हेंबर २०१४ मध्ये ही योजना पुन्हा सुरू झाली तेव्हा दर ८.७ टक्के आणि मुदत १०० महिने होती. तेही याच भागाकारातून येते.

जुन्या लोकांना १९८८ मधले पहिले किसान विकास पत्र आठवत असेल. साडेपाच वर्षांत दामदुप्पट. त्या वेळी व्याजाचा दर किती पडत होता, हे उलट्या दिशेने काढता येते. ०.३०१० ला ५.५ ने भागा, येणाऱ्या ०.०५४७ चा अँटिलॉग पाहा. तो १.१३४ आहे, म्हणजे सुमारे १३.४ टक्के. मुदत साडेपाच वर्षांवरून साडेनऊ वर्षांवर गेली याचा अर्थ कळायला हा आकडा पुरेसा आहे. ‘बहात्तरला व्याजदराने भागा’ हा एजंटांच्या तोंडी असलेला ठोकताळाही मुळात लॉगचाच आहे. ७२ भागिले ७.५ म्हणजे ९.६ वर्षे, जवळपास तेच.

महामार्गावरचा आलेख

अकरावीच्या वर्गात हे सारे फल म्हणून शिकवले जाते आणि फल म्हटले की आलेख आला. लॉगचा आलेख पुस्तकात अडीच इंचांच्या चौकटीत असतो. एक वाकडी रेघ खालून वर येते, उजवीकडे जाते, चौकट संपते. ती पाहून विद्यार्थ्याची समजूत होते की पुढे ही रेघ आडवी होऊन थांबत असावी. हा गैरसमज दूर करायचा तर चौकट मोठी हवी, आणि ती नशिराबादच्या मुलांना आयती उपलब्ध आहे.

राष्ट्रीय महामार्ग ५३ हाच क्ष-अक्ष समजावा. पूर्वी याचा क्रमांक सहा होता. शून्य जळगाव शहरात ठेवावे, एक सेंटिमीटर म्हणजे एक, आणि भुसावळच्या दिशेने निघावे. उंचीही सेंटिमीटरमध्येच मोजायची. शून्यापासून एक सेंटिमीटरवर रेघ रस्त्याला छेदते, कारण एकचा लॉग शून्य. दहा सेंटिमीटरवर तिची उंची एक सेंटिमीटर. मीटरभर गेल्यावर दोन, दहा मीटरवर तीन. इथपर्यंत चढ डोळ्यांना दिसतो. त्यानंतर शंभर मीटरवर चार, एक किलोमीटरवर पाच आणि नशिराबाद येईपर्यंत, म्हणजे सुमारे दहा किलोमीटर किंवा दहा लाख सेंटिमीटर तोडल्यावर, रेघ रस्त्यापासून फक्त सहा सेंटिमीटर वर असते. त्यातली निम्मी चढण पहिल्या दहा मीटरमध्येच उरकलेली होती. अंतर दहाऐवजी नऊ किलोमीटर धरा की अकरा, उंचीत अर्ध्या मिलीमीटरचाही फरक पडत नाही.

पुढचा एक सेंटिमीटर चढायला शंभर किलोमीटर लागतात. तेव्हा मलकापूर मागे पडलेले असते. आठ सेंटिमीटरसाठी हजार किलोमीटर, म्हणजे नागपूर, रायपूर ओलांडून ओडिशात. हीच रेघ विषुववृत्तावरून साऱ्या पृथ्वीला फेरी घालून आणली, तर चाळीस हजार किलोमीटरनंतर तिची उंची साडेनऊ सेंटिमीटरांहून किंचित अधिक भरेल. शाळेच्या वहीची निम्मी उंचीही तिला पुरते. तरीही ती कोठे आडवी होत नाही आणि कोठे थांबतही नाही. बारा सेंटिमीटर, शंभर सेंटिमीटर, कोणतीही उंची सांगा. ती गाठणारी जागा उजवीकडे कोठे तरी आहेच. चढ कमी होत जाणे आणि चढ संपणे या दोन गोष्टींतला फरक आलेखाच्या या एका उदाहरणात जितका स्वच्छ दिसतो, तितका क्वचितच दिसतो.

डावीकडचा भाग याच्या नेमका उलट वागतो. शून्य आणि एक यांच्यामध्ये जागा अवघी एक सेंटिमीटर. पण तेवढ्यात रेघ पाताळ गाठते. शून्यापासून एक मिलीमीटरवर ती रस्त्याच्या खाली एक सेंटिमीटर आहे, कारण ०.१ चा लॉग उणे एक. मिलीमीटरच्या दशांशावर उणे दोन, शतांशावर उणे तीन. उजवीकडे सहा वर जायला नशिराबाद गाठावे लागले. डावीकडे सहा खाली जायला सेंटिमीटरचा दहा लाखावा भाग उरेपर्यंत य-अक्षाजवळ सरकावे लागते. अक्षाला ती कधीच टेकत नाही. शून्याचा लॉग नाही आणि ऋण संख्येचाही नाही, ही पाठ केलेली सूचना म्हणजे या रेघेचे वर्णन आहे. दहाचा कोणताही घात घेतला, कितीही मोठा ऋण घात घेतला, तरी उत्तर शून्य येत नाही. मग शून्याचा घातांक शोधायचा कसा?

आता तो ‘बार’. टेबलात फक्त एक ते दहामधल्या संख्यांचे लॉग छापलेले असतात आणि तेवढे पुरतात, कारण दहा ते शंभर हा आलेखाचा तुकडा एक ते दहाच्या तुकड्यासारखाच, केवळ आडवा दहापट ताणलेला आणि एका घराने वर उचललेला आहे. २ चा लॉग ०.३०१०, २० चा १.३०१०, २०० चा २.३०१०. दशांशापुढचा भाग तोच, पुढे घर कितवे तेवढे लिहायचे. ०.०२ हे खालच्या दुसऱ्या घरात आहे. म्हणून उणे दोन अधिक ०.३०१०. उणे चिन्ह फक्त दोनपुरते आहे, दशांश भाग धनच आहे, हे दाखवण्यासाठी दोनच्या डोक्यावर रेघ देतात आणि ‘बार दोन पॉइंट तीन शून्य एक शून्य’ असे वाचतात. घाईत विद्यार्थी ते सबंध उणे २.३०१० समजतो. तसे समजल्यास मूळ संख्या ०.०२ ऐवजी ०.००५ ठरते. चौपट चूक, आणि परीक्षकाला ती एका नजरेत दिसते. खरी किंमत उणे १.६९९० आहे.

घातांकाचा आणि लॉगचा आलेख ही एकाच रेघेची दोन दर्शने आहेत, हे पाहायला कागदावर लीलावतीतल्या दात्याचा आलेख काढावा. आडवे दिवस, उभ्या कवड्या. रेघ भिंतीसारखी चढत जाते. मग कागद पालथा करून उजेडापुढे असा धरावा की कवड्यांचा अक्ष आडवा आणि दिवसांचा उभा येईल. काचेतून दिसते ती दोन पायाच्या लॉगची रेघ. पाया बदलला तरी एकपेक्षा मोठ्या पायांच्या सर्व रेघा एकमेकींच्या बहिणी असतात. सगळ्या एक या बिंदूतून जातात आणि फरक केवळ उभ्या ताणाचा. दोन पायाची रेघ दहा पायाच्या रेघेच्या सुमारे ३.३२ पट उंच. (पाया एकपेक्षा लहान घेतला तर रेघ चढण्याऐवजी उतरते, अकरावीत तेवढे ध्यानात ठेवले तरी चालते.) निसर्गात वारंवार येणारा २.७१८ हा पाया घेतला तर ताण २.३०३ पट. बारावीच्या रसायनशास्त्रात अभिक्रियेच्या वेगाच्या सूत्रात जो २.३०३ हा आकडा हजारो मुले मुकाट्याने पाठ करतात, तो हाच. आणि त्याला ०.३०१० ने गुणले की अर्धायुष्याच्या सूत्रातले ०.६९३ मिळते.

मातीपासून मिरवणुकीपर्यंत

काही मापे अशी आहेत की जी मुळातच लॉगमध्ये दिलेली असतात आणि आपण ती साधी समजून वाचतो. माती परीक्षणाच्या अहवालात ‘सामू’ असतो. केळीच्या बागेला साधारण साडेसहा ते साडेसात सामू मानवतो. तो सातवरून साडेआठवर गेला, तर दीडने वाढला असे दिसते. प्रत्यक्षात मातीच्या द्रावणातील हायड्रोजन आयनांचे प्रमाण सुमारे बत्तीस पटींनी घटलेले असते, कारण दहाचा दीडावा घात जवळपास बत्तीस. भूकंपाच्या बातमीत रिश्टरचा एक अंक वाढला की मुक्त होणारी ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते, तोही हाच आकडा.

मिरवणुकीतल्या ध्वनिक्षेपकांचे गणित तर अनेकदा वादाचा विषय होते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल मर्यादा आहे. दहाचा फरक किरकोळ वाटतो, पण रात्री परवानगी आहे ती दिवसाच्या एकदशांश ध्वनितीव्रतेची. शंभर डेसिबलची एक भिंत असताना तशीच दुसरी शेजारी लावली, तर दोनशे डेसिबल होत नाहीत, १०३ होतात. दोनचा लॉग ०.३०१०, दहाने गुणले की तीन. ‘तीनच तर वाढले’ असा बचाव या आकड्याच्या आधारे करता येतो. तीव्रता दुप्पट झालेली असते, हे त्यात दडून जाते.

आकडे वाचण्यातली ही गफलत २०२० मध्ये घरोघरी अनुभवास आली. कोरोनाच्या पहिल्या लाटेत वृत्तपत्रांतून व दूरचित्रवाणीवरून रुग्णसंख्येचे आलेख रोज येत. काहींत उभ्या अक्षावर १००, २००, ३०० असे आकडे असत, काहींत १००, १०००, १०,०००. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक घर दहापटीचे. तेथे रेघ सरळ दिसली म्हणजे साथ संथ झाली असे नव्हे. ती ठरावीक दिवसांनी नेमाने दुप्पट होत होती. शासनाच्या निवेदनांत ‘रुग्ण दुप्पट होण्याचा कालावधी’ सांगितला जाई, तो याच रेघेच्या चढावरून निघत असे. रेघेचा चढ कमी होऊ लागला, तरच दिलासा. अक्षावरचे आकडे न पाहता रेघेचा आकार पाहणाऱ्यांनी त्या दिवसांत चुकीचे निष्कर्ष काढले. छापणाऱ्यांनीही अक्षाविषयी दोन ओळी लिहिण्याचे कष्ट फारसे घेतले नाहीत, हे मान्य करायला हवे.

असा अक्ष वापरण्यात लबाडी नसते. पुष्कळदा त्याला पर्यायच नसतो. २०११ च्या जनगणनेनुसार जळगाव शहराची लोकसंख्या सुमारे चार लाख साठ हजार, जिल्ह्याची बेचाळीस लाख तीस हजार, महाराष्ट्राची अकरा कोटी चोवीस लाख आणि देशाची एकशे एकवीस कोटी. एका सेंटिमीटरला एक लाख धरून स्तंभ काढले, तर शहराचा साडेचार सेंटिमीटरांचा, जिल्ह्याचा बेचाळीस सेंटिमीटरांचा, राज्याचा अकरा मीटरचा आणि देशाचा एकशे एकवीस मीटरचा होतो. नशिराबादचा स्तंभ पेन्सिलीच्या टोकाएवढा राहील. तेच लॉगने मांडले, तर नशिराबाद चार आणि पाच सेंटिमीटरांच्या मध्ये, शहर ५.६६, जिल्हा ६.६३, राज्य ८.०५ आणि देश ९.०८ सेंटिमीटर. सारे एका पानावर मावतात. पण पान पाहून देश हा नशिराबादच्या दुप्पट आहे असे कोणी म्हणू नये, इतकेच.

बारावीच्या परीक्षेत टेबल तरी हाताशी असते. जेईई मेनच्या परीक्षागृहात कॅल्क्युलेटरबरोबर लॉग टेबललाही बंदी आहे. तेथे जाणाऱ्याला दोनचा ०.३०१० आणि तीनचा ०.४७७१ हे दोन लॉग पाठ हवेत. त्यांतून बरेच काही जुळवता येते. दोनची दुप्पट केली की चारचा लॉग ०.६०२०, तिप्पट केली की आठचा ०.९०३०. दोन आणि तीनच्या बेरजेतून सहाचा ०.७७८१, तीनच्या दुपटीतून नऊचा ०.९५४२. पाच म्हणजे दहा भागिले दोन. तेव्हा एकातून ०.३०१० वजा करून ०.६९९०. सात मात्र कशातूनच निघत नाही. त्याचा ०.८४५१ वेगळाच पाठ करावा लागतो.